हरभऱ्याची आंब

पिंपरदे, ता. शिंदखेडा
१४ डिसेंबर २०२४

अक्का,

रक्ताचा रिपोर्ट आला. संधिवात आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी परवा कागद माझ्यासमोर धरून सांगितलं, त्यामुळे आता शंका उरली नाही. गावातल्या कंपाउंडरने 'थंडीचा वात आहे, जाईल' म्हणत टोचलेल्या सुया वाया गेल्या.

फोन केला असता, पण तुला फोनमध्ये नुसती घरघर ऐकू येते. तुझ्या हितेंद्रच्या मोबाईलवर पाठवलं तर तुझ्याआधी घरातले सगळे वाचतील. म्हणून पत्र. दुपारी लिहायला बसलोय. दुपारी बोटं माझं ऐकतात.

डॉक्टर तरुण आहे, पण चांगला. विचारलं, "बाबा, काम काय करता?" म्हटलं, "मासे धरतो." म्हणाला, "थंड पाण्यात हात घालू नका." मी हसलो. मग तोही हसला आणि म्हणाला, "बरं, कमी घाला." दर रविवारी एक गोळी दिली आहे, ती चुकवायची नाही. मार्चच्या सुरुवातीला पुन्हा रक्त तपासायला बोलावलंय. त्याने असंही विचारलं, की घरात आणखी कुणाला हा आजार आहे का, आई, भाऊ, बहीण? मी सांगितलं, कुणाला नाही. माझी अक्का माझ्याहून मोठी आहे, अजून सगळ्या घराच्या भाकरी थापते.

गुडघ्यांचं काही नाही. नावेत बसून राहायचं, गुडघे दुखले तर दुखले. खोड हातांची आहे. पहाटे उठतो तेव्हा बोटं लाकडाची झालेली असतात, ना मिटत ना उघडत. सूर्य वर आल्यावर हळूहळू सैल होतात. आणि आपलं काम तर सूर्याच्या आधीचं. संध्याकाळी टाकलेलं जाळं उजाडायच्या आत काढायचं, नाहीतर खेकडे माशांची पोटं कुरतडतात आणि बर्फाची गाडी धुळ्याला निघून जाते. बोटं उघडतात तोवर गाडी गेलेली असते. एवढीच अडचण आहे, पण सगळं तिथेच अडतं.

मी शाल पांघरून, हात काखेत घालून नावेजवळ बसतो. नावेवर जोडीला लोटन असतो, पण त्याला यातलं काही कळू दिलेलं नाही.

लोटनचंच लिहायचं होतं. दिवाळीपासून तो उशिरा येऊ लागला आहे. इतक्या वर्षांत जो माणूस माझ्याआधी घाटावर हजर असायचा, तो आता उजाडल्यावर येतो. मी विचारलं, "काय रे, डोळा लागला का?" तर म्हणाला, "हां भाऊ, लागी गया." पण झोपून उठलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. पँट गुडघ्यापर्यंत ओली, आणि जवळ आला की हरभऱ्याच्या आंबेचा, त्या पानांवरच्या खारट दवाचा, आंबूस वास. त्याच्या घरापासून घाटापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. म्हणजे तो शेतांमधून, दुसरीकडून कुठूनतरी येतो. वरच्या घाटावरच्या कुणाशी तरी नव्या जोडीचं बोलणं चालू असावं.

आपल्यात जोडी तोडायची असेल तर तोंडाने कुणी सांगत नाही, हे तुला माहीत आहे. ज्याला तोडायची तो उशिरा यायला लागतो. दुसऱ्याने समजून घ्यायचं, दोन्ही जाळ्यांमधली शिवण उसवायची आणि आपला तुकडा खांद्यावर टाकून घरी जायचं. मी अजून समजून न घेतल्यासारखं करतोय.

बाकी ठीक. लेकीचा, भूमिकाचा, सुरतेहून फोन असतो. तिला 'सगळं बरं आहे' एवढंच सांगतो.

तुझा
तोताराम

&nbsp;

बोदवड
२३ डिसेंबर २०२४

तोता,

पत्र मिळालं. गोळी चुकवू नकोस.

जाळ्याच्या वरच्या दोरीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ. दोरी जाड झाली की मूठ पुरी मिटावी लागत नाही. सकाळी कोमट पाण्यात हात ठेव आणि पाण्यातच उघड-मीट कर.

लोटनबद्दल घाई करू नकोस. इकडे सगळे खुशाल.

अक्का

&nbsp;

पिंपरदे
५ जानेवारी २०२५

अक्का,

तुझं पत्र मी आलं त्या दिवशी वाचलं, आणि वाचायला सुरुवात केली तोच संपलं. पूर्वी तू चारही बाजूंच्या समासात लिहायचीस. कोपऱ्यात आडवं लिहिलेलं मला आंतर्देशीय फिरवून वाचावं लागायचं. आता लेकाच्या घरी पंखा आहे, सून आहे, नळाला पाणी आहे. भावाला लिहायला काही उरलं नसेल, असं समजतो. रागावू नकोस. ताईबाई, भूमिकाची आई, गेल्यापासून घरात दुसऱ्याचं बोलणं म्हणून येतं ते तुझं पत्रच, म्हणून लिहिलं.

ट्यूबचा उपाय चांगला निघाला. दोरी हातात बसते. हे तुला कसं सुचलं? तू जाळी विणलीस, ओढली कधी नाहीस.

पण आता त्याचा फारसा उपयोग नाही. जोडी तुटली. मीच तोडली.

झालं असं. नाताळनंतर थंडी वाढली. त्या आठवड्यात लोटन रोज सूर्य उगवल्यावर आला. आम्ही जाळं काढलं, चांगला कटला होता, दोन मरळ होते. काठाला लागलो तेव्हा बर्फाची गाडी पुलापलीकडे गेलेली. दुसऱ्या दिवशी गाडीवाला मुद्दाम थांबला होता, पण आमच्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय तोतानाना, जोडी म्हातारी झाली का तुमची? सांगा, म्हणजे मी बर्फ कमी आणतो." घाटावरचे हसले. लोटनही हसला. त्याचं हसणं मला लागलं.

मी त्याला एवढंच म्हटलं, "उद्या टाईमवर ये." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "दखू." हो नाही, नुसतं 'बघू'.

दुसऱ्या दिवशी तो आणखी उशिरा आला. पँट तशीच ओली, वास तसाच आंबूस.

मग त्या दुपारी मी घाटावर एकटा गेलो. जाळं वाळत घातलं होतं. माझा तुकडा तू विणलेला, त्याचा तुकडा त्याच्या आईने, मधे माझ्या हातची शिवण. हात मोकळे होते तरी गाठी जुन्या, पाणी पिऊन दगड झालेल्या. शेवटच्या काही दातांनी सोडवल्या. कापल्या असत्या तर लवकर झालं असतं, पण कापणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी लोटन आला. त्याने आधी जाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं काहीतरी बोलेल. "बरं शे," म्हणाला. आपला तुकडा खांद्यावर टाकला, थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. नाव दोघांची आहे, ती मी त्याच्याकडे राहू दिली. मला तिचं एकट्याला ओझंच.

माझा तुकडा आता घरात खुंटीवर आहे. सगळ्या घराला नदीच्या पाण्याचा वास येतो.

तोताराम

&nbsp;

पिंपरदे
२६ जानेवारी २०२५

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. टपालात अडकलं असेल म्हणून मीच लिहितो.

माझं चांगलं चाललंय, काळजी करू नकोस. ट्रकची ट्यूब घेतली आहे, वर फळी बांधली. बॅरेजच्या फुगवट्याला पाणी संथ असतं, ट्यूबवर बसून हातांनी वल्हवत जाता येतं. जाळं बोटांनी धरत नाही. दोरीला फास केला आहे, तो मनगटात अडकवतो आणि सगळं अंग मागे टाकून ओढतो. पहाटे जात नाही. ऊन आल्यावर निवांत जातो. आपल्याला कुणाची वाट बघायची नाही, कुणाला आपली बघायला लावायची नाही. एकट्याचं बरं असतं.

मासळी थोडी कमी मिळते. गाडी गेलेली असते, म्हणून घमेलं घेऊन पुलाजवळ बसतो. गिऱ्हाईक येतं कधीकधी. उरलेलं मांजर खातं. मांजर आता रोज येतं.

परवा ट्यूब कलंडली. मनगटातला फास लगेच निघाला नाही, कारण बोटांनी तो सुटेना. पण पाणी गळ्याइतकंच होतं, पाय टेकले. म्हणजे काही झालं नाही. फक्त सांगतोय. भूमिकाच्या कानावर घालू नकोस.

लोटनने त्याचा सुरतेचा मेव्हणा भूषण बोलावून घेतला आहे. दोघे पहाटे जातात. नाव पाण्यात ढकलल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येतो. मग तासभर मी हात कोमट पाण्यात ठेवून बसतो, तू सांगितलंस तसा.

गावात प्रजासत्ताक दिनाची फेरी निघाली होती. शाळेची मुलं ओरडत गेली. मी दारात उभा होतो, एकाने मलाही छोटा झेंडा दिला.

थोडं जास्त लिही. तुझं मागचं पत्र वाचून वाचून पाठ झालंय.

तोताराम

&nbsp;

बोदवड
९ फेब्रुवारी २०२५

तोता,

हे अक्षर माझं नाही, बघताक्षणी ओळखलं असशील. शेजारच्या दीपमाला मॅडम लिहून देतायत. प्राथमिक शाळेत शिकवतात. मी बोलते, त्या लिहितात. मी फार मोठ्याने बोलते असं त्या हाताने खुणावतायत. मला काय कळणार? सूनबाई नूतन माहेरी गेली आहे, हितेंद्र कामावर, म्हणून आज ओरडले तरी चालेल.

डॉक्टरने तुला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला आहे का. तू म्हणालास, कुणाला नाही. त्याला आता सांग, मोठ्या बहिणीला आहे. सहा-सात वर्षं झाली.

माझी पत्रं लहान झाली ती पंख्यामुळे नाही रे. चार ओळी लिहायला मला दोन दुपारी लागतात. उजव्या हाताची मधली बोटं करंगळीकडे कलली आहेत, वाऱ्याने कलावा तसा ऊस. आता ती सरळ होणार नाहीत. ट्यूबचा उपाय मला कसा सुचला विचारतोस. माझ्या उलथण्याला चिंध्या गुंडाळलेल्या आहेत. नूतनला सांगितलंय, चटके बसतात म्हणून.

तुझ्यासारखीच मीही सकाळची लाकडी. सगळे उठायच्या आत उठते, आंघोळीचं पाणी तापवते आणि त्यात हात घालून बसते. भाकरी बोटांनी थापत नाही, तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने ढकलते. गोल येत नाहीत. हितेंद्र मागे म्हणाला, "आई, भाकरीवर नकाशा काढलास का?" मी म्हटलं, डोळ्यांना कमी दिसतं. कान गेलेले सगळ्यांना माहीत आहेत, डोळेही गेले म्हटलं तर कुणी मोठं मानत नाही. पण हात गेले म्हणून कसं सांगू? बहिऱ्या बाईशी कुणी बोलत नाही, बोलायला गेलं तर ओरडावं लागतं. घरात मला जी जागा आहे ती परातीपुढे. तिथून उठवलं तर बसायचं कुठे? कॉटवर?

(पुढचं वाक्य अक्का लिहू नका म्हणत होत्या, मी लिहिते आहे. त्या बोलता बोलता रडल्या. — दीपमाला)

आता तुझं. तू आयुष्यभर पाण्यावरून मासा कुठे आहे ते सांगितलंस, आणि शेजारचा माणूस तुला दिसला नाही.

तू लिहिलंस, लोटनच्या पँटला आंब असायची, गुडघ्यापर्यंत. मी तुझी पत्रं परत काढून बघितली, दोनदा लिहिलंयस. हरभऱ्यातून चालत गेलेल्या माणसाला एवढी आंब लागत नाही. खालच्या काठाला थोडी लागते. गुडघ्यापर्यंत भिजून वास यायला दवात, हरभऱ्यात बराच वेळ बसावं लागतं. लहानपणी आपण घाटे चोरायला बसायचो आणि आई वासावरून पकडायची, विसरलास? वरच्या घाटाला तर डांबरी रस्त्याने जातात. मग हरभरा कुठे आहे? मला एकच आठवतो, आपल्याच घाटाच्या वरचा तुकडा, चिंचेच्या अलीकडचा. तिथून खाली बघितलं की नाव दिसते, आणि नावेजवळ बसलेला माणूसही दिसतो. काखेत हात घालून बसलेला.

तो झोपत नव्हता, तोता. तो रोजच्या वेळेलाच येत होता आणि वर बसून तुझे हात सैल व्हायची वाट बघत होता. तुझ्यासमोर आला असता तर तुला दोरीला हात घालावा लागला असता, आणि तो बंद झालेला हात त्याला बघावा लागला असता. बर्फाची गाडी त्याचीही जात होती. गाडीवाला हसला तेव्हा तो हसला, कारण नाहीतर त्याला खरं सांगावं लागलं असतं.

मला हे पटकन कळलं, कारण मी रोज पहाटे हीच वाट बघते. फक्त माझी वाट बघणारं कुणी नाही.

ट्यूबवर एकटा जाऊ नकोस. पाणी गळ्याइतकं होतं म्हणतोस. पुढच्या खेपेला ते तुला विचारून उथळ होणार नाही. आणि तुझी बोटं अजून सरळ आहेत. ती सरळ राहतील का नाही ते गोळीवर आहे. मी वेळेवर दाखवलं नाही, तू दाखवलंस. रविवार चुकवू नकोस.

लोटनकडे जा. जाऊन काय बोलायचं ते मी सांगणार नाही. मला सुचत नाही.

अक्का

&nbsp;

पिंपरदे
१९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

लोटनशी बोललो. तुझा अंदाज खरा निघाला, त्याने स्वतः कबूल केलं.

पत्र आलं त्या दिवशी गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आधी पहाटे वरच्या शेतात गेलो. हरभरा आता वाळत आलाय, चार-आठ दिवसांत काढतील. बांधाला लागून एका माणसाला बसता येईल एवढी जागा दबलेली होती, झाडं मुळापासून आडवी. मी तिथे बसलो. उजाडेपर्यंत बसून राहिलो. खाली लोटन आणि भूषण नाव ढकलत होते. वरून सगळं दिसतं. भूषणच्या हातातून दोरी कशी सरसर जाते तेही दिसलं. थंडी हाडात गेली, मला उठताना बांधाला धरावं लागलं. हे त्याने दोन महिने केलं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात जाळं सांधत बसला होता. "ये भाऊ," म्हणाला, जसं काही मी रोज येतो.

मी विचारलं, "तू हरभऱ्यात बसायचास?"

तो जाळ्यातून मान वर करेना. मग म्हणाला, "तुना हात उघडाले टाईम लागस, हाई माले दिवाईपासून माहित शे. तुले नावनी दोरी सुटनी नही त्या दिवशी. तू दातखाल धरीसन सोडी."

"मंग बोलना काबर नही?"

"काय बोलू? तोताभाऊ, तुना हात गयात, असं?" तो थोडा रागावला. "आनि तू? तू बोलना का माले? तूच जायं सोडीसन ली गया. मी तर काहीच सोडं नव्हतं."

त्याची बायको चहा घेऊन आली. तिने माझ्या हातात कपाऐवजी पितळी पेला दिला, मोठा, दोन्ही हातांनी धरता येईल असा. म्हणजे तिलाही माहीत होतं. मला वाटतं, सगळ्या घाटाला माहीत होतं. मी शाल पांघरून बसायचो ते फक्त माझ्यापुरतं होतं.

मी म्हटलं, "शिवण परत घालू. मी घालतो, दुपारी."

लोटनने सांधायची सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग म्हणाला, भूषणला त्याने शब्द दिलाय. तो सुरतेचं मागावरचं काम सोडून, बायको-पोरं घेऊन आलाय. पोराचं नाव शाळेत घातलंय. त्याला आता उठ म्हणून सांगता येत नाही. खरं आहे, मीही सांगितलं नसतं. पहाटेची जागा भरली, अक्का. ती आता माझी नाही.

निघताना तो रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "संध्याकायले ये. तव्हय तुना हात चालस. भूषणले जायं टाकता येत नही, गुंतडा करस. तू टाक, आम्ही सकायले काढसूत." जाळं टाकायला नजर लागते, प्रवाह ओळखावा लागतो, हे खरंच आहे. पण त्याने ते माझ्यासाठी म्हटलं की जाळ्यासाठी, मला कळलं नाही.

मी अजून हो म्हटलेलं नाही. टाकायला जायचं आणि काढायला घरी झोपायचं, हा कुठला मासेमारीचा प्रकार? आपल्या हाताने टाकलेल्या जाळ्यात काय लागलं ते दुसरा येऊन सांगणार. घाटावरचे म्हणतील, तोतानाना आता अर्ध्या दिवसाचा भोई झाला. आणि नाही म्हटलं तर ट्यूब आहे, घमेलं आहे आणि मांजर आहे. दोन्हीकडे बघतो आणि दिवस जातो.

तुझ्या हातांचं वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. तू थोडं लिहितेस म्हणून मी तुला टोमणे मारले. डॉक्टरांची तारीख बुधवार, ५ मार्चची आहे. तू येशील का? दोघांना एकदमच दाखवू. वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, पण दुखणं कमी होतं, असं डॉक्टर मला म्हणाले होते. यायचं तर घरी सांगावं लागेल, हे मला कळतं. त्यामुळे आग्रह करत नाही.

तोताराम

&nbsp;

बोदवड
२८ फेब्रुवारी २०२५

तोता,

हे माझ्या हातचं आहे. तीन दुपारी लागल्या.

नूतनला सांगितलं. तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. मी लपवत होते आणि ती न बघितल्यासारखं करत होती. ज्वारी मऊ दळून आणायची, पाणी कोमट करून परातीजवळ ठेवायची, आणि मला वाटायचं सून टापटिपीची आहे. विचारलं, बोलली का नाहीस? तिने पाटीवर लिहून दाखवलं, 'तुम्हाला परातीपुढून उठवायला मला भीती वाटली.' एका स्वयंपाकघरात दोघी, दोन वर्षं, आणि कुणी कुणाशी बोललं नाही. आता भाकरी ती थापते. मी शेजारी बसते, उलटवते. जागा तीच आहे.

तू संध्याकाळचं विचारत नाहीयेस, तरी सांगते. मीही आता अर्ध्या भाकरीची.

मंगळवारी येते. भुसावळला हितेंद्र सुरत गाडीत बसवून देईल. स्टेशनचं नाव पुकारलेलं मला ऐकू येत नाही, म्हणून आधीचं बेटावद स्टेशन गेलं की उठून दाराशी उभी राहीन. नरडाण्याला गाडी थोडीच थांबते आणि दाराचा दांडा माझ्या हातात नीट बसत नाही. मला खाली उतरवून घ्यायला दोन धड हात लागतील. ते तुझ्याकडे नाहीत. म्हणून लोटनला मॅडमकडून वेगळं पत्र लिहवून टाकलंय. तो येईल.

बुधवारी धुळ्याहून परतायला ऊन कलेल. घाटावरून घरी जाऊ. मी काठावर बसेन. तू काय करणार आहेस ते लोटनला तिथेच, माझ्यासमोर सांग. मला ऐकू येणार नाही, पण तू नावेत बसलास की नाही ते दिसेल.

अक्का